एकच गोल खाल्लेला माणूस

संपतराव इंगळ्यांच्या घरात कोंबडी शिरलेली जऊळक्यात कोणी पाहिली नाही. दार सताड उघडं, आत ज्वारी वाळत घातलेली, आणि गल्लीत कोंबड्या काही कमी नव्हत्या. पण उंबरठ्याशी एक बुटकं बाकडं टाकून, दोन्ही पाय फाकवून, तळहात गुडघ्यांवर ठेवून संपतराव बसलेले असायचे. कोंबडी डावीकडून आली की डावा पाय आडवा, उजवीकडून आली की उजवा. तेही तिच्याकडे न बघता, माझ्याशी बोलता बोलता. कोंबडी कुरकुरत मागे फिरायची आणि संपतराव समाधानाने म्हणायचे, "जाऊ नाही देल्लं."

हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून कितीदा यायचं त्याला हिशेब नव्हता.

माझं दुकान त्यांच्या घरासमोर, स्टेशनच्या रस्त्यावर. बारा महिने किराणा आणि उन्हाळ्यात गोटी सोडा. आम्ही जैन, वडिलांपासूनची गादी, म्हणून गाव मला शेठ म्हणायचं. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याजवळ शेठ म्हणण्यासारखं फक्त पोट होतं. गिऱ्हाईक नसलं की मी संपतरावांची परीक्षा बघायचो. ते सरूबाईंशी, म्हणजे त्यांच्या विधवा बहिणीशी बोलण्यात गुंतलेले असताना मी दुकानातून नेम धरून एखादं सडकं लिंबू त्यांच्या दाराकडे भिरकावायचो. ते लिंबू कधीही घरात गेलं नाही. पायाने थांबायचं, नाहीतर छातीने. एकदा कपाळाने थांबलं. कपाळावरचा रस पुसत ते म्हणाले, "शेठ, जरा जोरानं मारत जा. हे तं पोरीसोरीचं झालं."

परक्या लग्नातही ते मांडवाच्या तोंडाशीच बसायचे. एकदा नवरदेवालाच अडवला. सवयीने पाय गेला, नवरदेव अडखळला, बाशिंग डोळ्यांवर आलं. वरपक्षाने आरडाओरडा केला तेव्हा संपतराव मनापासून शरमले. "मापी करा," म्हणाले, "लय तेजीत आले तुमी."

ही सवय कुठून आली हे मी त्यांना विचारलं, ते पेन्शनीवर गावात परत आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात. ते पलटणीत लदाखला होते एवढं माहीत होतं. मी विचारलं, "दादा, तिथं तुमची ड्युटी काय होती?"

"गोलकीपर," ते म्हणाले.

मला वाटलं, गोदामाचं काहीतरी असेल.

"बरफावरची हाकी," त्यांनी खुलासा केला. "मी पगारी खेळाडू होतो, शेठ. उन्हाळ्यात रेशन उतरवो, अन् तलाव जमला का बंदूक जमा करून काठी घेवो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नवे नवे तिथे गेले तेव्हा गोठलेल्या उतारावर रेशनचा ट्रक उतरवत होते. तुपाचा एक मोठा डबा सुटला आणि सुसाट खाली निघाला. बाकीचे जवान उड्या मारून बाजूला झाले. संपतरावांनी पाय आडवा घातला. वर एक कप्तान उभा होता. तो म्हणाला, उद्यापासून हा माणूस गोलमध्ये. तेव्हापासून नोकरी सुटेपर्यंत दर हिवाळ्यात हा जऊळक्याचा माणूस बर्फावर दोन रॉकेलच्या डब्यांच्या मध्ये उभा राहिला. मिलिटरी बुटांच्या तळव्यांना वर्कशॉपात ठोकून घेतलेली लोखंडी पाती, पायांना सुतळीने बांधलेल्या जुन्या रजया, आणि समोरून येणार ती टायरातून कापलेली चकती. चेंडू नाहीच. "चेंडू उडते," ते म्हणायचे, "चकती सरपटते. साप अन् चकती, दोघाइवरची नजर हालू द्याची नाही."

"आणि समोर कोण खेळायचं?"

"दुसऱ्या पलटनी. नाहीतं तिथले गावातले पोट्टे. ते तं मायच्या पोटातूनच बरफावर पडेल असतात. वाऱ्यासारखे येत, शेठ! पन जाऊ नाही देल्लं."

"कितीक गोल खाल्ले मग एवढ्या सालात?"

"एक," ते म्हणाले आणि कोंबडीकडे वळले.

मी अर्थातच मनात हसलो. एवढ्या वर्षांत एकच गोल? थाप मारायची तर निदान चार-पाच तरी सांगावेत.

मात्र ते बर्फाचं बोलायला लागले की मला हसता यायचं नाही. डोक्यावर वैशाखातलं ऊन, पत्रा तापून कडकड वाजतोय, आणि हा माणूस सांगतोय की आदल्या संध्याकाळी बादल्यांनी तलावावर पाणी ओतून ठेवायचं, सकाळी त्याची काच झालेली असायची. "पायाखाली पाहाल तं गवत दिसे. हिरवंगार, उभंच्या उभं, पान्यात. आपुन वरून चालून राह्यलो अन् ते खाली हालून नाही राह्यलं. अन् तलावाले भेग पडे नं, तं जमिनीच्या पोटातून ढग गरजल्यावानी आवाज ये. पहिल्या बारीले मी रडलो, शेठ. भेवानं नाही. एवढं साजरं कोनी कायले केलं असन, म्हनून."

सोड्याची बाटली हातात धरून मी तसाच उभा राहायचो. गिऱ्हाईक हाका मारून निघून जायचं. मी पुष्कळ देवळं पाहिली, पण बसल्या जागी अंगावर काटा आणणारं मला या बाकड्यावरच भेटलं.

गावाचं मत वेगळं होतं. प्यायच्या पाण्यासाठी बायका विहिरीवर भांडत होत्या, अन् हे महाराज पाण्यावर पळत होते म्हणे! माणूस चांगला, निर्व्यसनी, अडीनडीला धावणारा, पण थापाड्या, असा निकाल चावडीवर लागला होता. लढाईच्या गोष्टी सांगितल्या असत्या तर गावाने खांद्यावर घेतलं असतं. तेवढ्यासाठीच शाळेच्या हेडमास्तरांनी त्यांना पंधरा ऑगस्टला बोलावलं. विषय होता शौर्य. संपतराव उभे राहिले आणि म्हणाले, "मी लढलो नाही. मी खेळलो. अन् खेळाच्या पहिले पडाचं शिकलो. पडता आलं पायजे." मग त्यांनी व्यासपीठावरच पडून दाखवलं. डावा गुडघा खाली, उजवा पाय जमिनीसरशी आडवा, दोन्ही हात पसरलेले. अख्ख्या शाळेने तो पवित्रा तिथल्या तिथे गिरवला. दुसऱ्या दिवशी फाटलेल्या चड्ड्या घेऊन आया हेडमास्तरांच्या दारात.

त्यांचा खरा थाट बघायचा तर स्टेशनवर. माझ्या सोड्यासाठी अकोल्याहून पॅसेंजरने बर्फाची लादी यायची, भुश्यात आणि ओल्या पोत्यात गुंडाळून, गार्डाच्या डब्यात. आमच्या छोट्या लाईनीच्या गाडीतून ती उतरवायची तऱ्हा ठरलेली. हमाल डब्याच्या दाराला फळी टेकवायचा, वरून लादी सोडायचा, आणि खाली संपतराव उभे. लादी घसरत यायची आणि त्यांच्या पावलापाशी गुमान थांबायची. मी त्यांना कधी हे काम सांगितलं नव्हतं. एके दिवशी ते आपणहून येऊन उभे राहिले, आणि मग रोज. मोबदला म्हणून लादीचा एक कोपरा घरी न्यायचे. खायचे नाहीत. बाकड्याजवळ फरशीवर ठेवायचे, त्यावर अनवाणी पाय टेकवायचे आणि तो विरघळेपर्यंत गप्प बसायचे.

त्या एका गोलाचं मला सरूबाईंनी सांगितलं. मी दुकानात हसत हसत म्हटलं, "दादा म्हणतात एकच गोल खाल्ला." सरूबाई हसल्या नाहीत. मिठाची पुडी पदरात बांधत म्हणाल्या, "ते माही भावजय होय, शेठ. त्याची पोरगी सुमन रांगत होती तवा बिमार पडली अन् गेली. हा तिकडं बरफात. रस्ते बंद. तिले माती देऊन झाली तवा त्याले खबर भेटली. त्याच्या हिशेबी तोच गोल. बाकीचे खाल्ले असतीन नाहीतं नसतीन, ते तो मोजतच नाही."

त्यानंतर मी लिंबं मारणं बंद केलं. संपतरावांनीच एकदा विचारलं, "काहून शेठ, लिंबं महाग झाले काय?" मग पुन्हा सुरू केलं.

सुमनला आत्यानेच वाढवलं. शिवण शिकलेली, हुशार, बापासारखीच सरळ बघून बोलणारी पोर. तिच्यासाठी रिसोडचं स्थळ आलं. मुलगा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर, वडील तायडे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले. असं स्थळ पुन्हा येणार नाही हे सगळ्या गल्लीला कळत होतं. गुरुजींचा एकच कटाक्ष होता, सोयरा गरीब असला तरी चालेल, खोटा नको. आणि जऊळक्यात संपतरावांची चौकशी केली तर गाव काय सांगणार हे मला ठाऊक होतं.

मी आदल्या दिवशी जाऊन बसलो. म्हटलं, "दादा, त्यांनी विचारलं तर सांगा, सीमेवर होतो. लढाईत होतो म्हणा. कोण बघायला गेलंय? पोरीचं कल्याण होईल."

संपतरावांनी पायाखालचा बर्फाचा तुकडा अंगठ्याने पुढे सरकवला. मग म्हणाले, "शेठ, आमच्यात लग्न लागाच्या पहिले पंचशील घ्या लागते. त्यातलं चवथं काय हाये? खोटं बोलनार नाही. मांडवात मी सगळ्याइच्या समोर हात जोडून ते म्हननार, अन् लग्न जुळलं कशावर तं खोट्यावर? नाही जमत."

"पण खरं सांगाल तर त्यांना ते खोटं वाटेल!"

"ते त्याइचं काम. माह्यं काम सांगाचं."

आतून सुमनने ऐकलं असावं. ती दाराशी येऊन म्हणाली, "शेठकाका, बाबाले बदलू नोका. मले तेच पायजे." मी सोड्याच्या बाटल्या मोजायच्या आहेत असं सांगून उठलो.

दुसऱ्या दिवशी गुरुजी, त्यांच्या मंडळी कौसाबाई आणि गुरुजींचे धाकटे भाऊ आले. सोडा पोचवायच्या निमित्ताने मीही आत बसलो. पोहे झाले, सुमनला प्रश्न झाले, सगळं गोडीगुलाबीत. मग गुरुजींनी चष्मा सारखा करून विचारलं, "आपण लष्करात होता. काय काम असायचं?"

"गोलकीपर," संपतराव म्हणाले.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. काठी, पाती, रजया, रॉकेलचे डबे. मी जमिनीकडे बघत होतो. गुरुजींचे भाऊ फिस्सकन हसले. म्हणाले, "बरफावर हाकी? मंग पान्यावर कब्बडीही खेळत असान!"

संपतरावांनी तेही गंभीरपणे घेतलं. "नाही जी. पान्यावर नाही जमत. बरफ पायजे."

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी पोह्यांची बशी हळूच खाली ठेवली. "इंगळे," ते म्हणाले, "मुलीत काही खोट नाही. पण आम्ही येताना गावात विचारलं, तेव्हा लोक जे बोलले ते मला खरं वाटलं नव्हतं." एवढंच बोलून ते उठले. गाडीची वेळ झाली होती. आत सरूबाईंच्या हातातून कपबशी पडल्याचा आवाज आला. सुमन तशीच बसून राहिली, मान खाली न घालता.

पाहुण्यांना वाशीमला जायचं होतं, तिथून रिसोडची बस. आणि वाशीमला जाणारी पॅसेंजर तीच, जिच्यातून माझी लादी यायची. त्यामुळे सगळे पुन्हा फलाटावर एकत्र. एवढं अवघडलेलं स्टेशन मी आयुष्यात पाहिलं नाही. गुरुजी आणि भाऊ एकीकडे उभे. कौसाबाई ट्रंकेवर पाठमोऱ्या बसून पानाला चुना लावत होत्या. संपतराव आले होते, पण आपलं तोंड पाहुण्यांना दाखवू नये म्हणून लांब कडुलिंबाखाली थांबले होते.

गाडी आली. लग्नसराईची गर्दी, हमाल घाईत. खाली कोणी नाही हे न बघताच त्याने फळी लावली आणि लादी सोडली. फलाटाच्या त्या टोकाला नवी फरशी घातली होती आणि इंजिनाच्या पाण्याच्या नळाने ती ओली होती. पोतं फळीला अडकून फाटलं. लादी आतून सुटली, फरशीवर आली आणि थांबलीच नाही. सरळ कौसाबाईंच्या पाठीकडे निघाली. 

संपतराव कडुलिंबाखालून कधी निघाले ते मला दिसलं नाही. मला दिसलं ते एवढंच की चाळिशी उलटलेला, धोतर नेसलेला माणूस ओल्या फरशीवरून घसरत आला, पळत नव्हे, घसरत, आणि मध्येच खाली गेला. डावा गुडघा जमिनीला, उजवा पाय आडवा, दोन्ही हात पसरलेले. शाळेत शिकवलेला तोच पवित्रा. लादी नडगीवर आदळली आणि तिथेच थांबली. कौसाबाईंची ट्रंक हाताच्या अंतरावर होती.

"जाऊ नाही देल्लं," संपतराव धापा टाकत म्हणाले. नडगीतून रक्त येत होतं आणि लादीवर तांबडा डाग पसरत होता. डब्याच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. थापाड्या म्हणणारे निम्मे गावकरी तिथेच होते. मला लाज वाटली, अभिमान वाटला आणि रडूही आलं. एकदम तिन्ही.

कौसाबाई वळल्या. त्यांनी लादी पाहिली, रक्त पाहिलं. संपतराव उठायला लागले तशा त्या म्हणाल्या, "थांबा. उठू नोका. तसेच राहा."

त्या ट्रंकेवरून उठल्या आणि संपतरावांभोवती फिरून त्यांनी नीट बघितलं. गुडघा, पंजा, पसरलेले हात. मग नवऱ्याला म्हणाल्या, "माहा बाप धनजचा पयलवान. आखाड्यातलं अंग मी लहानपनापासून पायलं. कोनतं अंग शिकेल हाये अन् कोनतं नाही, हे मले पुसा. भेवानं धावेल मानूस तोंडावर पडते. हा पडला नाही, बसला. ह्याचा पाय जाग्यावर गेला. हे सालोसाल खेळेल अंग हाये. अन् तुमी त्याइले खोटं म्हनून उठून आले!"

गुरुजींनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा घातला. हा माणूस वर्गात चुकलेलं गणित फळ्यावरून पुसताना असाच दिसत असणार. ते संपतरावांजवळ ओल्या फरशीवर उकिडवे बसले, आपलं उपरणं त्यांच्या नडगीला बांधलं आणि म्हणाले, "व्याही, पुन्हा सांगा. त्या चकतीचं मघाशी माझ्या लक्षात आलं नाही."

व्याही म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं. संपतराव सांगायला लागले. गार्ड हिरवी झेंडी काखेत मारून ऐकत उभा राहिला, आणि आमची पॅसेंजर उशिरा का सुटली हे पुढच्या स्टेशनवर कोणाला कळलं नसेल.

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. दारात निळ्या पताका, समोर बुद्धाची मूर्ती, पांढऱ्या साडीत सुमन. शरबतासाठी मी माझ्या हौसेने जास्तीची लादी मागवली होती. पंचशील म्हणताना चौथ्याला संपतरावांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला आणि मांडवात हशा पिकला. गुरुजी सगळ्यात मोठ्याने हसले.

पाठवणीची वेळ आली. सामान स्टेशनवर गेलं, पाहुणे अंगणात उतरले. सुमन आत आत्याच्या गळ्यात पडून बाहेर यायला निघाली आणि दाराशी थांबली. बाकड्यावर संपतराव बसले होते. पाय फाकलेले, तळहात गुडघ्यांवर. नेहमीसारखेच, फक्त तोंड या वेळी घराच्या आतल्या बाजूला होतं. ते तिच्याकडे बघत नव्हते, उंबरठ्याकडे बघत होते. स्टेशनवरची घंटा वाजली तरी कोणी हललं नाही.

"बाबा," सुमन म्हणाली, "सरका नं थोडसक."

संपतराव उठले. बाकडं त्यांनी स्वतः उचललं, चौकटीला पाठ लावून अंग चोरून उभे राहिले, आणि सुमन त्यांच्या अंगाला घासून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची लादी येईपर्यंत मला धीर धरवला नाही. कालच्या लादीचा उरलेला तुकडा फडक्यात घेऊन मी समोर गेलो. दार नेहमीसारखं सताड उघडं. बाकडं भिंतीशी उभं करून ठेवलेलं. संपतराव आत खाटेवर बसले होते, आणि दोन कोंबड्या ऐसपैस ज्वारी टिपत होत्या.

"दादा, कोंबड्या शिरल्या घरात," मी म्हटलं.

"शिरू द्या," ते म्हणाले. मग बाकड्याकडे बघत म्हणाले, "आता दोन झाले, शेठ."

मी फडकं खाली ठेवलं, बाकडं ओढून उंबरठ्याशी टाकलं आणि त्यांच्यासारखे पाय फाकवून बसलो. तिसरी कोंबडी आली. मी पाय आडवा घातला. ती माझ्या पोटाखालून आत गेली.

"डावा घालाचा होता," पाठीमागून संपतराव म्हणाले. खाट करकरली. ते उठून माझ्या शेजारी येऊन बसले. "सरका थोडेसे."